पेशकारांचं बिऱ्हाड

सरकार माणसाची बदली एका ओळीत करतं. त्या एका ओळीपायी माणूस एका गावाला, बायको दुसऱ्या गावाला आणि भांडीकुंडी तिसऱ्याच गावाला पडतात, याची दाद कुणी घेत नाही. मी घेतो. त्यावर मी पत्रकही काढलेलं आहे. पण ज्या माणसाचा कैवार घेऊन ते काढलं, त्यानं त्याच पत्रकानं शेगडीला वारा घातला आणि वर मला म्हणाला, "पुढारी, बदली सरकारची, पण बिऱ्हाड आपलं. त्यात सरकारला कावून वढता?"

हे आमचे पेशकार. तहसील कचेरीत साहेबासमोर उभं राहून कागद वाचून दाखवायचे, हे त्यांचं काम. नाव सांगत नाही. ते अजून नोकरीत आहेत, आणि आमच्यासारख्यांच्या लिखाणात नाव आलं की कारकुनाच्या भाकरीवर माती पडते.

पुढारी म्हणजे मी. ही पदवी त्यांनीच दिली आणि ती त्यांनी कधी मानानं उच्चारली नाही. मी तेव्हा बिडात, कोटाच्या आत, एका तांबोळणीच्या माडीवर राहत होतो आणि गल्लीच्या टोकाला वाचनालय चालवत होतो. आपल्या राज्यात चार माणसांनी एकत्र येऊन बोलायला इजाजत लागते. एकत्र बसून वाचायला अजून लागत नाही, म्हणून वाचनालय. दसऱ्यानंतर पेशकार बदलून आले. एक वळकटी, एक शेगडी, रुमी टोपी आणि डाळीची पिशवी एवढा संसार घेऊन ते माझ्या दारात उभे राहिले. म्हणाले, "घर मिळंपतूर आठ दिस टेकतो."

त्या आठ दिवसांत थंडी आली आणि गेली, संक्रांत झाली, शिमगा आला. पेशकार टेकलेलेच.

घरं नव्हती असं नाही. बिडात कोटाच्या आत शहर, आणि बिंदुसरा नदीच्या पलीकडे पेठ. शहरात राहावं तर कचेरी जवळ, बाजार जवळ, हकीम जवळ. पण गटारंही जवळ, आणि शेजारी इतके जवळ की त्यांची उचकी आपल्याला लागते. पेठेत राहावं तर अंगण, वारा, शेवग्याचं झाड. पण नदीला पाणी आलं की माणूस अलीकडे आणि कचेरी पलीकडे. एवढाच प्रश्न. माझ्यासारखा माणूस तो उभ्या उभ्या सोडवील. पेशकार रोज सकाळी नदीच्या कोरड्या वाळूत मध्यभागी जाऊन उभे राहायचे, एकदा शहराकडे तोंड, एकदा पेठेकडे, आणि परत येऊन सांगायचे, "मामला जेरे गौर हाय."

म्हणजे प्रकरण विचाराधीन आहे. कचेरीतले सगळे कागद याच शब्दांवर मरतात, हे मी त्यांना सुनावलं. ते म्हणाले, "मरत न्हाईत पुढारी. मुरतात."

घर बघायला ते मला बरोबर न्यायचे. साक्षीदार म्हणून. त्यांची तऱ्हा अशी. दारात गेल्यावर घरमालकाला रामराम नाही, सलाम नाही, पहिला सवाल: "शेजारी भांडतात का?" मालक बिचारा छातीवर हात ठेवून सांगायचा, नाही हो, सगळी सोज्ज्वळ माणसं. झालं. पेशकारांचा चेहरा पडायचा. "भांडत न्हाईत? मग चोर आला तर वरडायची सवय कुणाला हाय हितं?"

मग ते आत जाऊन मधल्या खोलीत जमिनीवर आडवे व्हायचे. शेरवानीसकट. डोळे मिटून पडून राहायचे. मालकाच्या घरची पोरं जमून बघत बसायची. एकदा एका म्हातारीनं त्यांच्या तोंडात पाणी घालायची तयारी केली होती. उठल्यावर ते टोपीला हात घालायचे. टोपी डोक्यावर राहिली तर घरात अजून जीव आहे. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली की घर नापास. पुढंपुढं हे सगळ्या बिडाला माहीत झालं. पेशकार नुसते टोपीखाली खाजवायला लागले तरी घरमालक कासावीस व्हायचे.

आणि सगळ्यात शेवटी डाळ.

डाळीचं सांगायचं तर आधी त्यांच्या घरच्या माणसाचं सांगितलं पाहिजे. मागच्या बदलीच्या गावी त्यांनी एका नजरेत घर घेतलं होतं. दाराशी मोगऱ्याचा वेल होता, तेवढ्यावर. बायकोला आणलं, आणि ती आख्खा पावसाळा हिवतापानं अंथरुणाला खिळली. गावचा वैद्य म्हणाला, पाणी जड आहे, या पाण्यात डाळ शिजत नाही, तर माणसाच्या पोटात काय शिजणार. तेव्हापासून बायको धर्मापुरीला, पेशकारांच्या घरी, सासूजवळ, आणि पेशकारांच्या घर बघण्यात हे सगळं शिरलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, शेगडी फुंकत, माझ्याकडे न बघता. मी हिवतापाविषयी सरकारच्या बेपर्वाईवर बोलायला लागलो तर म्हणाले, "तुमी जरा गप बसा, निखारा विझतो."

तर डाळ. बिडात चामड्याच्या छागळी होतात, प्रवासात पाणी गार राहावं म्हणून लोक त्या खांद्याला लावतात. पेशकारांनी दोन घेतल्या. जे घर बघायचं त्याच्या विहिरीचं पाणी एका छागळीत आणायचं, माडीवर शेगडी पेटवायची, घरून आणलेल्या पिशवीतली मूठभर तुरीची डाळ टाकायची आणि बसून राहायचं. ही डाळ खायची नाही. खायला खानावळ होती. ही फक्त तपासायची. पिशवी ते उशाशी घेऊन झोपायचे. "एकच डाळ पायजे," म्हणायचे. "पाणी बदलंल, डाळ बदलता कामा न्हाई. न्हाईतर इन्साफ कसा व्हायचा?"

डाळ कुठल्याच पाण्यात शिजली नाही. शहरातल्या नाही, पेठेतल्या नाही. दाणा बोटात धरून दाबायचे, तो टणकन उडून माझ्या पत्रकांवर पडायचा. फक्त एकदा शिजली. पेठेतल्या एका साळ्याच्या घरी. त्यानं डाळ तिथंच अंगणात शिजत लावू दिली आणि मग आपला माग, त्याचे धोटे, त्याच्या बापाचा माग, बापाचे धोटे असं सांगायला जो बसला तो उन्हं कलली तरी थांबेना. डाळीनं वैतागून जीव टाकला. मी म्हटलं, "घ्या हे घर." पेशकार टोपी गुडघ्यावर ठेवत म्हणाले, "हितं ऱ्हायलो तर पुढची डाळ माझी शिजंल."

शहराची वेस दिवेलागणीला बंद व्हायची, हाही त्यांना घोर होता. वेशीखाली उभे राहून एकदा म्हणाले, "आत ऱ्हावं तर भायेर पडता येत न्हाई. भायेर ऱ्हावं तर आत येता येत न्हाई. माणूस दोन्हीकडून कोंडलेला हाय." मी तिथंच त्यांचा हात धरला. एवढं नेमकं राजकीय वाक्य त्या वर्षात बिडात कुणी बोललं नव्हतं. त्यांनी घाबरून हात सोडवून घेतला. "पुढारी, मी दुधाचं म्हणलो. पेठेतून दूध आणायचं म्हणलं तर सकाळी उशीर व्हतो."

असं चाललं असतं तर ते आजही माझ्या खोलीत असते. पण शिमग्यानंतर त्यांचा मेहुणा आला. गेवराईकडचा शेतकरी गडी, रिकामी बैलगाडी घेऊन धर्मापुरीला निघाला होता. माडीवर आला, खोलीभर नजर फिरवली, दोन वळकट्या, एक शेगडी, डाळीचे उडालेले दाणे बघितले, आणि बसलाच नाही.

"दाजी," म्हणाला, "अक्काला आणायला चाललो. तिकडं तिला कामाला जुंपली हाय, आन हिकडं तुमचं घर व्हईना. पाडव्याच्या आदी परत येतो. बिडावरनंच वाट हाय. नदीत गाडी थांबवीन. घर झालं आसंल तर अक्का उतरंल. न्हाई झालं तर गाडी तशीच आमच्या गावाला. मग मातर मी धाडायचा न्हाई तिला. मागल्या टायमाला धाडली ती बघितली की आमी."

पेशकार म्हणाले, "मामला जेरे..." आणि थांबले. पहिल्यांदाच.

मेहुणा गेला. त्यानंतरचे दिवस पेशकार दोन्ही छागळी अंगावर टाकून नुसते पळत होते. सकाळी पेठ, दुपारी कचेरी, संध्याकाळी शहर. कचेरीत साहेबासमोर वारसाचा कागद वाचताना मध्येच "विहीर कोणाच्या सामायिकीत" असं आलं तर विचारायचे, "हुजूर, पाणी कसं आहे लिहिलेलं नाही."

मला हे बघवेना. एका माणसाचा संसार मोडतो, कारण शहराच्या विहिरी वर्षानुवर्षं उपसल्या जात नाहीत, गाळ काढला जात नाही, पाणी जड होतं. आणि लोक गप्प. मी पत्रक लिहिलं. कार्बन लावून, हातानं. मथळा: "बीडकरहो, तुमची डाळ का शिजत नाही?" मजकूर जहाल होता. वेशीला चिकटवलं, मशिदीसमोर वाटलं, बाजारात वाटलं.

पोलीस ठाण्याच्या अमिनानं एक प्रत जप्त करून कचेरीत उर्दू तर्जुम्यासाठी पाठवली. तर्जुमा कुणाकडे आला असेल? पेशकारांनी तो चोख केला आणि खाली आपल्या हातानं शेरा मारला, "मजमून दुरुस्त," म्हणजे मजकूर बरोबर. अमीन संतापून म्हणाला, "यात हुकूमतीच्या खिलाफ काय आहे ते सांगा." पेशकार म्हणाले, "हुजूर, हुकूमतीच्या खिलाफ काही नाही. डाळीच्या खिलाफ आहे." मला वाईट याचं वाटलं की अमिनाला ते पटलं.

पण बिडातल्या बायकांना पटलं नाही. हुकूमतीवर कितीही लिहा, कुणी माडीचा जिना चढून येत नाही. डाळीवर लिहिलं तर आख्खी गल्ली आली. पुढं आमची तांबोळीण.

"ए लीडर," ती म्हणाली, "मेरी दाल नै गलती बोलके तू लिखा?"

मी म्हटलं, हा व्यक्तिगत प्रश्न नाही, सार्वजनिक पाण्याचा आहे.

"मेरा मियाँ मेरे हाथ की दाल खाके बूढा होके मरा. उसके दाँत भी नै थे. गली नै तो खाया कैसा?"

तिकडे पेठेतला साळीही आला. पेठेचं पाणी शहराच्या ओळीत बसवलं म्हणून तोही दुखावला होता. तांबोळणीनंच तोड काढली. नदीच्या वाळूत सगळ्यांसमोर दोन चुली मांडायच्या. एकीवर शहराचं पाणी, एकीवर पेठेचं. डाळ पेशकारांची. ज्या पाण्यात आधी शिजेल तिकडे पेशकारांनी बिऱ्हाड करायचं आणि पुन्हा कुणाच्या घरात आडवं व्हायचं नाही.

पेशकारांना हे फार आवडलं. इतकं आवडलं की त्यांनी कचेरीतून त्या दिवसाची रुखसत घेतली आणि टोपीला नवा गोंडा लावला.

बिडानं मला सभेला कधी एवढी गर्दी दिली नाही. शहराकडची माणसं एका काठाला, पेठेकडची दुसऱ्या. मध्ये वाळूत तीन-तीन दगडांच्या दोन चुली, आणि दोन्हींच्या मध्ये पेशकार उकिडवे, पिशवीतून मुठी मोजून टाकणारे. तांबोळीण एका चुलीत फुंकत होती, साळी दुसऱ्या चुलीशी बोलत होता. पाणी उकळलं. पेशकारांनी शहराचा दाणा काढला, दाबला. उडाला. पेठेचा काढला, दाबला. तोही उडाला. ऊन वर आलं. पुन्हा काढला. पुन्हा उडाला. पेठेची माणसं म्हणाली, शहराचा धूर आमच्या चुलीवर येतो. शहरची म्हणाली, साळ्याला आधी उठवा, त्यानं बोलून बोलून डाळ घाबरवली आहे. मी संधी बघून एका दगडावर चढलो आणि पाण्याच्या प्रश्नावर बोलायला सुरुवात केली. "खाली उतर बे," कुणीतरी म्हणालं, "डाळ दिसंना."

तेवढ्यात गाडी आली.

ती वडवणीच्या वाटेनं येऊन वाळूत उतरली आणि मेहुण्यानं बैल थांबवले. मागं हंडे, घागरी, एक जातं आणि पेशकारांची बायको. बारीक चणीची, डोक्यावरून पदर घेतलेली. गर्दी बघून ती घाबरेल असं मला वाटलं. तिनं आधी नवऱ्याकडे बघितलं, मग चुलींकडे, आणि उतरली. सरळ भांड्याशी आली, पळीत डाळ घेतली, निरखली.

"ही कुठून आणली?"

"घरून," पेशकार म्हणाले. "खुंटीवरची पिशवी. तू माझ्यासाठी बांधून ठेवलीवतीस की."

"खुंटीवरची?" ती म्हणाली. "अहो, ती गाईच्या आंबोणाची. किती सालं पडून हाय ती. तुमची डाळ मडक्यात ठेवलती. मी म्हणलं, ह्यांनी नेली का न्हाई."

साळी पहिल्यांदा गप्प झाला, आणि त्या शांततेत तांबोळीण म्हणाली, "या अल्ला, गाय की दाल," आणि दोन्ही काठ मिळून हसले. शहर आणि पेठ त्या दिवशी जेवढे एक झाले तेवढे माझ्या कुठल्याही पत्रकानं झाले नव्हते. मी हसलो नाही. विहिरी उपसल्या जात नाहीत हे तेव्हाही खरं होतं आणि आजही खरं आहे.

मेहुणा हसला नाही. तो जुवाशी जाऊन उभा राहिला. "बोला दाजी. गाडी कुनीकडं वळवू?"

पेशकार उठून उभे राहिले. शहराकडे तोंड केलं. मग पेठेकडे. हातात डाळीची रिकामी पिशवी. "आता हे सगळं पुन्यांदा अव्वलपासून बगावं लागंल," म्हणाले. "मडक्यातली डाळ आणवतो. शहरात कचेरी जवळ हाय, खरं हाय. पण पेठेत हवा..."

मेहुण्यानं बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "बस अक्का गाडीत."

ती बसली नाही. गाडीच्या साट्याला एक हात लावून उभी राहिली. मी जगात कुणाच्याही संसारात पडत नाही, पण त्या वेळी वाटलं, या माणसाच्या तोंडून एक शब्द काढण्यासाठी त्याला छागळीनं बडवावं.

"तुमी रातीला झोपता कुठं?" तिनं विचारलं.

"मी? मी ह्या पुढाऱ्यांच्या माडीवर."

"किती दिस?"

"आलो तवापसनं."

"झोप लागती?"

"लागती."

"पाणी तितलंच पिता? पोट बरं हाय? कचेरीला वक्तावर जाता?"

ते प्रत्येकाला मान हलवत गेले, साहेबासमोर हलवतात तशी.

"मग घर हायच की तुमाला," ती म्हणाली. "आजून काय दर्याफ्त करायचं ऱ्हायलंय?"

पेशकार हळू आवाजात म्हणाले, "मागल्या टायमाला बी मला असंच वाटलंवतं. आन तू..."

"मागल्या टायमाला आजारी पडले ती मी पडले. आता मी म्हणते की चालंल." ती भावाकडे वळली. "भाऊ, वेशीकडं घे गाडी."

"अगं, पण तितं हे ऱ्हातेत," मेहुण्यानं माझ्याकडे बोट केलं.

तिनं मला पहिल्यांदाच नीट बघितलं. मी अजून दगडावरच होतो. "भावजी एकटेच हायती," ती म्हणाली. "त्येंला कुठंबी जमंल."

मी दगडावरून उतरलो. भाडेकरूच्या हक्काविषयी मी पुष्कळ वाचलेलं होतं, त्यातलं निम्मं मी तिथं बोललो. तांबोळणीकडे न्याय मागितला. ती म्हणाली, "लीडर, तेरेपीछे अमीन आता. इनकेपीछे हंडे आये. मैं कायकू नै बोलूँ?"

गाडीतून हंडे-घागरी वर गेले आणि त्याच जिन्यानं माझी पत्रकं खाली आली. पेशकार जिन्यात मध्येच उभे होते, एका हातात जातं, एका हातात माझी वळकटी, आणि कुठलं वर न्यायचं नि कुठलं खाली हे त्यांना बायकोनं सांगेपर्यंत ते तिथंच उभे होते. त्यांच्या तोंडावर जे हसू होतं तसं मी त्यांच्या तोंडावर आधी कधी बघितलं नव्हतं. मला ते हसू आवडलं नाही, कारण माझी वळकटी त्यांच्या हातात होती. पण ते हसू खरं होतं, एवढं लिहून ठेवतो.

मी वाचनालयात पथारी टाकली. दुसऱ्या दिवशी पेशकार आले. म्हणाले, "चला, तुमाला घर बगू." मी म्हटलं, मला तुमच्यासारखे चाळे नकोत, पहिलं दिसेल ते घर घेणार. खरोखर पहिलंच घर घेणार होतो. पेठेतलं होतं, बरं होतं. पण पेठेत राहावं तर माझी पत्रकं वाचायला साळी सोडून कोण, आणि तो वाचण्यापेक्षा बोलणार. शहरात घ्यावं तर चार घरांवर पोलीस ठाणं. दोन्ही बाजूंचा विचार केल्याशिवाय माणसानं उडी घेऊ नये. मी पेशकारांसारखा नाही. मी मुद्द्यांवर विचार करतो.

वहिनींनी निरोप धाडला होता, घर मिळेपर्यंत जेवायला इकडेच या. मी जात होतो. डाळ उत्तम शिजलेली असायची. पेशकार पाटावर बसून मला विचारायचे, "झालं का घर?" मी सांगायचो, बघतोय. वहिनी वाढता वाढता म्हणायच्या, "भावजी, आदी लगीन करा. बायकोच सांगंल कुठं ऱ्हायचं ते."

या विचारसरणीचा मी निषेध करतो. स्त्रीवर निर्णयाचं ओझं टाकून पुरुषानं जेवत बसायचं, हा अन्याय आहे, आणि त्यावर त्याच आठवड्यात मी एक जहाल पत्रक लिहून ठेवलं होतं. निनावी पत्रक भेकड काढतात. मी खाली सही करतो आणि पत्ता देतो. सही झालेली होती. पत्ता तेवढा राहिला होता.